आतल्या बाजूची गळती

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी मोटार चालवायला शिकले, आणि त्यामागे हौस म्हणावी असे काही नव्हते. आईचे दोन्ही गुडघे धरले होते. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, राजोडीला राहत असे आणि कमरेच्या दुखण्यामुळे तिलाही उंबऱ्याबाहेर पडता येत नसे. आमच्या घरापासून राजोडी काही परदेश नव्हे, पण एस.टी.ची पायरी आईच्या गुडघ्याला परवडण्यासारखी नव्हती, आणि टांग्यात तिला चढवायचे तर दोन माणसे लागत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभीची ही गोष्ट. त्या सुमारास मुंबईतल्या एका परिचित कुटुंबाने आपली जुनी, काळी, इंग्रजी बनावटीची मोटार काढून टाकायचे ठरवले. त्यांच्या दिवाणखान्यात हे बोलणे चालले असता मी "मी घेते" असे म्हणून गेले. ते ऐकून माझ्याइतके आश्चर्य दुसऱ्या कुणालाही वाटले नसेल. शाळेत वीस वर्षे विज्ञान शिकवत असूनही शिक्षकांच्या सभेत मी कधी हात वर केलेला नव्हता.

पहिले काही महिने सगळे सुरळीत चालले. एकाआड एक रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आई मागच्या आसनावर बसे, मांडीवर केळ्यांची फणी किंवा वाडीतल्या भाजीची पिशवी घेई, आणि मी ताशी वीस मैलांच्या वर न जाता तिला राजोडीला नेत असे. तिथे दोघी बहिणी तीन-चार तास बोलत. काय बोलत ते मला कधी नीट कळले नाही, कारण दोघी एकाच वेळी बोलत. परतताना मात्र आईचा चेहरा नुकत्याच शिंपलेल्या अंगणासारखा दिसे. पावसाळ्यातही, वायपरची नळी एकदा फाटली तेवढी सोडली तर, गाडीने कुरकूर केली नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात ती बिघडली. दोष विचित्र होता. गाडी सुरू होई, पळतही असे. पण थांबवायला पाय ब्रेकवर ठेवला आणि वेग उतरला की इंजिन दोन-तीनदा थरथरून गप्प होई. बॅटरी दुबळी असल्याने ते पुन्हा जागे करायला पुढून लोखंडी हँडल मारावे लागे, आणि ते माझ्या ताकदीबाहेरचे काम होते. एका रविवारी राजोडीच्या वाटेवर, जिथे एकही झाड नाही अशा वळणावर, समोरून गुरे आली म्हणून मी थांबले आणि गाडी बंद पडली. हँडल मारायला माणूस मिळेपर्यंत तासभर गेला. आई आत बसून होती. तिने पदराने वारा घेतला, जपमाळ काढली, माझ्याकडे पाहून दोनदा हसलीसुद्धा. पण घरी आल्यावर तिला उन्हाने ताप भरला.

माझा थोरला भाऊ बँकेत होता आणि बोलणे थोडक्यात संपवण्याची त्याला सवय होती.

"अगं, ही गाडी थांबली की मरते," तो म्हणाला. "आणि गाडीचं निम्मं काम थांबणं असतं."

"दादा, मिस्त्री म्हणतात की—"

"मिस्त्री तीन वेळा म्हणाले. मनवेलपाड्याचा एक जण सुट्या भागांसाठी मागतो आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर बघायला येईल. तोवर सरळ झाली तर ठेव, माझं काही म्हणणं नाही. पण आईला परत असं रस्त्यात बसवायचं नाही."

"मला काय झालं बसायला?" आतल्या खोलीतून आई म्हणाली. "सावली नव्हती, एवढंच."

"तू झोप गं."

त्याचे म्हणणे वाजवी होते. पण गाडी गेली तर काय होईल हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. त्या दोघी बहिणींची पुढची भेट दोघींपैकी एकीच्या अंत्यविधीलाच झाली असती, आणि त्याला भेट म्हणत नाहीत.

गोखिवऱ्याचे मिस्त्री मनुष्य म्हणून चांगले होते. गाडी तिथे पोहोचली की ते तिला थोपटत, आणि माझ्यासाठी खुर्ची व चहा मागवत. "मॅडम, स्लो लागत नाही तिचा," असे सांगून ते कार्बोरेटर खोलत, फुंकत, पेट्रोलने धुऊन परत बसवत, आणि स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या मंद चालीचा, स्क्रू फिरवून इंजिन उगाचच वेगात फिरत ठेवत. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "कार्बोरेटरच थकेला आहे. असला पीस आता कुठे मिळतो?" मला त्यांना एक विचारायचे होते. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणारी ती दांडी, बाहेर ओढून ठेवला की गाडी थांबल्यावरही चालू राहते आणि आत ढकलला की बंद पडते, हे कसे? पण भोवती चार-पाच पुरुष स्पॅनर घेऊन उभे, आणि माझ्या हातात त्यांनीच दिलेला चहाचा पेला. त्यांचा चहा पिता पिता त्यांच्या निदानावर शंका घेणे मला जमले नाही. मी "बरं" म्हटले आणि घरी आले.

घरी मी एक वही केली होती. तारीख, वेळ, हवा, चोक आत की बाहेर, किती सेकंदांनी बंद पडली, अशी सगळी कोष्टके आखून. महिन्याभरात सात पाने भरली. लिहून ठेवले म्हणजे विचारही केला, असा माझा समज होता. विद्यार्थ्यांचा हाच समज मी दर वर्षी लाल शाईने खोडून काढत असे.

रविवारच्या आधीच्या गुरुवारी शाळेतून येताना मी शेजारच्या वाडीतून आडवाटेने निघाले. ती वाडी ज्यांची, ते काका सत्तरीचे होते. केळी आणि पानवेली लावत. घरी ते आपल्या बोलीत बोलत, पण माझ्याशी बोलताना "बाईंशी बोलायचंय" म्हणून शाळेतले मराठी काढत, आणि तिसऱ्या वाक्याला ते त्यांच्या हातून सुटे. त्या दिवशी ते बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या त्या तळ्यासारख्या पसरट विहिरीच्या, काठावर उकिडवे बसून पंपाच्या नळीला चिखल फासत होते. पंप नुसताच घुमत होता. पाटात पाणी नव्हते.

"काय झालं, काका?"

"हवा धरलीय यानं. नळी गळते कुठंतरी."

मी वाकून पाहिले. नळी वरपासून पाण्यापर्यंत कोरडी ठणठणीत होती. "गळत तर कुठेच नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की वर्गात मी ज्या मुलांकडे तसे पाहते त्यांची मला दया आली.

"बाई, पाणी बाहेर येतंय का? वारा आत जातोय. ढकलणाऱ्या बाजूला भोक पडलं तर ओलं दिसतं. ओढणाऱ्या बाजूला पडलं तर काय दिसणार? ही आतल्या बाजूची गळती."

"मग ती सापडते कशी?"

"चिखल लावत जायचं. जिथला चिखल आत खेचला जाईल, तिथं भोक." असे म्हणता म्हणता त्यांनी एका जोडावर मूठभर चिकणमाती थापली. माती मधोमध किंचित खळगली. त्यावर त्यांनी आणखी एक थर दाबला. पंपाचा आवाज जड झाला, दोन-तीन गुळण्या टाकल्यासारखे झाले, आणि पाटात पाणी आले.

हवेचा दाब हा धडा मी तेव्हा वीस वर्षे शिकवत होते. पाऱ्याची नळी, उलटा पेला, त्याला चिकटून राहिलेला पुठ्ठा, हे सगळे प्रयोग मी डोळे मिटून करून दाखवले असते. आणि तरीही महिनाभर मी त्या गाडीखाली, वाकून वाकून, काही ठिबकते आहे का ते पाहत होते. इंजिन हाही एका अर्थी पंपच आहे. ते कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल ओढून घेते. वाटेत कुठे फट असली तर तिथून नुसती हवा ओढली जाणार. गाडी जोरात असताना ती खपून जाणार. वेग उतरला की मिश्रण पातळ होऊन इंजिन विझणार. आणि चोक ओढला की पेट्रोल वाढणार, म्हणून गाडी तगणार. माझ्या वहीच्या सातही पानांवर हेच लिहिलेले होते. फक्त मी ते वाचले नव्हते.

"काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "शनिवारी दुपारी माझ्या गाडीजवळ येता का?"

"येतो की. माती घेऊन येतो."

शनिवारी शाळा अर्धीच असे. घरी येऊन मी जेवले नाही. दादाने कपाळाला आठ्या घालून हँडल मारले, मी चोक ओढून इंजिन चालू ठेवले, आणि त्याचे झाकण उघडून आम्ही तिघे त्याभोवती उभे राहिलो. काकांनी खरोखरच केळीच्या पानावर चिकणमातीचा गोळा आणला होता.

"नाही, काका. माती नको."

"का? चांगली माती आहे."

"भोक सापडलं की ती आत ओढली जाईल. पाण्याच्या पंपाला चालतं. याच्या आत सगळं घासून बसवलेलं आहे, मातीचा कण गेला तरी ओरखडे पडतील."

वडीलधाऱ्या माणसाला मी तोंडावर "नाही" म्हटल्याचे मला आठवत नव्हते. ते रागावले असावेत अशा समजुतीने मी खाली पाहू लागले. पण ते वळून चालू लागले होते, आणि जरा वेळाने हातात केळीच्या खोडाचे वाळके सोपट घेऊन परतले. फुलांच्या वेण्या बांधायला आमच्याकडे वापरतात तेच. त्याची एक पट्टी सोलली की कांद्याच्या सालीइतकी पातळ निघते.

"हे चालेल ना? हे फुंकरीनंही हलतं."

मी पट्टी हातात घेऊन पुढे वाकले.

"पदर! आधी पदर खोचा!" काका एवढ्या जोराने ओरडले की मी झाकणावर डोके आपटून घेतले. समोर पंखा फिरत होता. मी पदर कमरेला घट्ट आवळला. पहिली पट्टी तापलेल्या धुराड्याला लागून लगेच करपली. दुसरी पंख्याच्या वाऱ्यात नुसतीच फडफडत राहिली, तेव्हा दादाने कुणी न सांगता आतून जुना पुठ्ठा आणून पंख्यामागे आडोसा धरला. आता पट्टी शांत राहू लागली. कार्बोरेटरच्या बुडाशी तिला घेऊन गेले. काही नाही. त्याच्या बोल्टांभोवती फिरवली. काही नाही. कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे जाणाऱ्या लोखंडी वाहिनीच्या चारही जोडांवरून एकेक करून नेली. पट्टी लोंबत होती, तशीच लोंबत राहिली. शंभर मोजून झाले असतील. माझी मान अवघडली होती, आणि उद्या मनवेलपाड्याचा तो माणूस गाडीकडे कसा पाहील हे मला दिसू लागले होते.

मग वाहिनीच्या मागल्या अंगाला, जिथे नजर पोहोचत नाही, तिथे मी नुसत्या अंदाजाने पट्टी सरकवली. ती माझ्या बोटांतून ओढली जाऊ लागली. मी सोडली तरी ती खाली पडली नाही. टोक आत, उरलेली बाहेर ताठ, अशी थरथरत राहिली.

"दादा, आरसा आण. आईचा छोटा आरसा."

आरशात दिसले ते असे. वाहिनीला मागे करंगळीएवढी एक नळी होती आणि तिच्या तोंडात लाकडाचे बूच. ते सुकून आक्रसले होते, आणि त्याच्या भोवती चंद्रकोरीसारखी फट पडली होती.

ते बूच मी ओळखले. माझ्या गाडीचे पाऊस पुसणारे वायपर विजेवर नव्हे, तर इंजिनाच्याच ओढीवर चालत. त्यांची रबरी नळी तिथून निघे. जुलैत ती नळी फाटली. त्या दिवशी मदतीला धावून आलेल्या शेजाऱ्याने फाटकी नळी काढून टाकली, पांगाऱ्याच्या ओल्या फांदीचे बूच तासून उघड्या तोंडात ठोकले, आणि पुढच्या काचेला चोळायला चिमूटभर तंबाखूही दिली, म्हणजे पाणी काचेवर थांबत नाही. तो शेजारी आता माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

काकांनी माझ्या हातातून आरसा घेतला, वाकून पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हे माझं बूच आहे," ते म्हणाले.

"हो, काका. पण त्या वेळी तुम्ही होतात म्हणून तर आम्ही—"

"माझं बूच गळत नाही. पाटाच्या नळीला मारलंय, दहा वर्षं झाली, हललं नाही."

"पाटात ते ओलं राहतं, काका. इथं पाणी कुठं आहे? पावसात हवा दमट होती, तोवर फुगून बसलं. ऑक्टोबरात वाळलं."

त्यांनी चिमटीत बूच धरले, आणि ते नखाच्या जोरावर अलगद निघून आले. इंजिन लगेच धापा टाकू लागले. मी काही विचार न करता हात घातला आणि त्या उघड्या तोंडावर अंगठा दाबला.

तो क्षण मी पुष्कळदा आठवते. अंगठ्याचे मांस आत ओढले गेले, एखाद्या वासराने बोट तोंडात धरावे तसे, आणि त्याबरोबर इंजिनाचा आवाज खाली उतरला, जाड झाला, एकसारखा झाला. "दादा, चोक आत ढकल," मी म्हणाले. त्याने ढकलला. इंजिन चालत राहिले. आम्ही तिघेही ते ऐकत उभे राहिलो. पाच मिनिटे तरी झाली असतील. माझा अंगठा काळानिळा पडत होता.

"आता रविवारी राजोडीला जाताना बाईंना असंच वाकून चालत जावं लागणार," काका म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याचे इतके हसू फुटले की डोळे पुसावे लागले. "महिनाभर माझ्या बुचानं गोखिवऱ्याच्या मिस्त्रीला कार्बोरेटर धुवायला लावला! कुणाला सांगू नका हो बाई. वाडीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही." पुढच्या आठवड्यात त्यांनी ती हकिकत स्वतःच सगळ्या वाडीला सांगितली.

पण अंगठ्याची जागा कशाने भरायची? लाकूड नको, माती नको, साबण वितळेल. रबर हवे होते, आणि दुकाने दुपारची बंद. मी घरभर पाहिले. शेवटी आईच्या खाटेशेजारी औषधाच्या बाटल्या होत्या, तिथे डोळ्यांत थेंब घालायच्या काचेच्या नळीवरचे रबरी टोपण दिसले. मी ते काढून नेले. नळीच्या तोंडावर ते ताणून बसवले, वर तांब्याच्या तारेचे चार वेढे दिले. इंजिन सुरू होताच त्या टोपणाचे गाल आत बसले, दात गेलेल्या माणसासारखे. पण ते निघाले नाही, आणि सोपटाची पट्टी कितीही जवळ नेली तरी हलली नाही.

"माझ्या डोळ्यांचं औषध कुणी घेतलं?" आतून आईचा आवाज आला.

"औषध आहे, आई. टोपण घेतलंय. गाडीला."

"गाडीच्या डोळ्यांना काय झालं?"

दादा पायरीवर बसून हसत होता. तो उठला, हात झटकले, आणि म्हणाला, "मी मनवेलपाड्याला निरोप देतो. उगाच फुकट येऊन जाईल बिचारा."

मला वाटले होते की उद्याची मिस्सा होईल, मग आपण शांतपणे निघू. पण मी हात धुऊन बाहेर आले तेव्हा आई गाडीच्या मागच्या आसनावर बसलेली होती. कुणाचा आधार घेऊन ती तिथवर गेली, हे मला आजतागायत कळलेले नाही; दादा आणि काका दोघेही आपण नव्हतो म्हणाले. अंगावर घरातलेच लुगडे होते.

"आज शनिवार आहे, आई."

"मग? शनिवारी ती घरी नसते का?"

आम्ही निघालो. त्या वळणावर मी मुद्दाम थांबले, एकदा, आणि मग निष्कारण आणखी एकदा. मागून आईने विचारले, "आता कुणाची वाट बघतेस?" पायाखाली इंजिनाची मंद, एकसारखी हालचाल जाणवत होती आणि मला ती थांबवावीशी वाटत नव्हती.

मावशीच्या अंगणात गाडी उभी राहिली तरी ते चालूच होते. आईला उतरवायला मी दार उघडले, तोच काठी टेकत मावशी पायरीपर्यंत आली. ती कुठवर येऊ शकते हे आम्ही सगळे विसरलो होतो, बहुधा तीसुद्धा. "सहा रविवार!" ती ओरडली. "सहा! मला वाटलं मेलीस." आई उतरेपर्यंत थांबणे तिच्याने झाले नाही. ती दाराला धरून, कण्हत, गाडीच्या आतच शिरली आणि बहिणीला चिकटून बसली. आणि दोघी एकदम बोलू लागल्या.

मी गाडीजवळ उभी होते. इंजिन बंद करायचे धाडस मला होत नव्हते. परत सुरू झाले नाही तर? दादा बरोबर नव्हता. म्हणून मी ते तसेच चालू ठेवले, आणि उन्हात उभी राहून ते कसे चालते आहे ते ऐकत राहिले. त्या दोघी मात्र आवाज चढवून चढवून बोलत होत्या. शेवटी मावशीने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"अगं ए, ती तुझी घरघर बंद कर की! हिचं एक अक्षर ऐकू येत नाही मला."

मी आत हात घालून किल्ली फिरवली.